जुनी गाडी खालून बघताना

जुनी गाडी बघायला जायचं तर इंजिन गार असताना जावं, असं गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं होतं. विकणारे बरेचदा आपण पोहोचायच्या आधी गाडी चालू करून तापवून ठेवतात, आणि तापलेलं इंजिन कितीही थकलेलं असलं तरी एका किल्लीत चालू होतं. "बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या आणि परत या," तो म्हणाला. "आवडली तर मग मी येतो. माझा संडे फुकट घालवू नका."

म्हणून रविवारी सकाळी लवकरच मी आणि माझी भावजय भाईंदरहून उत्तनपुढच्या चौकला जाणाऱ्या बसमध्ये बसलो. ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर अंथरायला एक जुनी चादर. मुर्धा मागे पडलं, राई मागे पडलं, मिठागरांतले पांढरे ढिगारे दिसले आणि गेले. ती बाहेर बघत होती. मी ड्रायव्हरच्या पायाकडे बघत होतो. गेलं वर्षभर मी कुठल्याही गाडीत बसलो की चालवणाऱ्याच्या उजव्या पायाकडे बघतो. पाय ब्रेकवर गेला आणि गाडी हळू झाली की माझा श्वास सुटतो. पुढच्या वळणापर्यंत.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेला. वरसावेजवळ त्याची रोपवाटिका होती, भाड्याच्या जागेवर. मिरा रोडच्या सोसायट्यांच्या बागा, बँकांच्या दारातल्या कुंड्या, लोकांच्या बाल्कनीतली तुळस आणि मनीप्लांट, सगळं तो पुरवायचा. त्या दिवशी ठाण्याहून मातीच्या कुंड्या आणि तांबडी माती घेऊन तो घाट उतरत होता. उतारावर ब्रेक लागले नाहीत. एवढंच आम्हाला कळलं. का लागले नाहीत, हे कोणी सांगितलं नाही. बहुधा कोणाला माहीतही नव्हतं. त्याची पिकअप पोलीस चौकीच्या मागे काही महिने पडून होती, मग भंगारात गेली. मी ती बघायला गेलो नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आयुष्य पुस्तकं लावण्यात, शोधून देण्यात आणि वाचण्यात गेलं. भाऊ गेल्यावर मला कथा-कादंबऱ्या वाचता येईनात. ओळी डोळ्यांखालून जायच्या आणि काहीच आत यायचं नाही. तेव्हा रद्दीच्या दुकानातून मी मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणलं. त्यातलं ब्रेकचं प्रकरण मी इतक्या वेळा वाचलं की त्याची पानं सुटली. पायाने पेडल दाबलं की तेलावर दाब येतो. ते तेल चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, धरून गेलेल्या बारीक लोखंडी नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतं. तो दाब तिथे पोहोचला तरच गाडी थांबते. एवढ्या मोठ्या वजनाचं थांबणं करंगळीहून बारीक नळीवर अवलंबून असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माहीत झाल्यापासून भीती कमी झाली नाही. तिला फक्त राहायला जागा मिळाली.

भावजयीने रोपवाटिका बंद केली नाही. भाड्याचे टेम्पो बोलावून काम चालवलं. टेम्पोवाला सांगितलेल्या वेळेला यायचा नाही, आला तर कुंड्या अशा लादायचा की निम्म्या तडकायच्या, आणि सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर तिलाच सुनवायचे. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "दादा, मी सेकंडहँड पिकअप घेतेय. मीच चालवणार." माझ्या भावाने तिला रोपवाटिकेच्या आवारात गाडी शिकवली होती, लायसन्स काढून दिलं होतं. त्यामुळे तू कशी चालवणार, असं विचारायची सोय नव्हती. मी वरणाची वाटी पुढे ओढली.

चौकची गाडी बघायला जायच्या आदल्या संध्याकाळी पुतणी माझ्या खोलीत आली. ती अकरावीत आहे. दार लोटून घेतलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"काका, तुम्ही काहीतरी खोट काढा."

"कशात?"

"गाडीत. कुठलीपण. आई तुमचं ऐकते. बाबांचंसुद्धा ऐकायची नाही, तुमचं ऐकते." मग अगदी हळू म्हणाली, "ती त्याच घाटातून जाणार ना रोज?"

मी हो म्हटलं. खोट काढतो असं म्हटलं नाही. पण काढत नाही असंही म्हटलं नाही. माझ्या मनात तेच होतं. वीस-बावीस वर्षं धावलेल्या गाडीत काहीतरी सापडेलच, आणि नाही सापडलं तर जे सापडेल ते मोठं करून सांगता येईल, असा मी विचार केला होता. मी पुस्तक वाचलेला माणूस. माझ्या तोंडून एखादा शब्द निघाला की घरात तो खरा धरतात.

पण बसमध्ये, उत्तन आल्यावर, खिडकीबाहेर बघत असतानाच भावजय म्हणाली, "दादा, एक सांगू? तुम्हाला भीती वाटते म्हणून गाडी खराब म्हणू नका. खराब असेल तर खराब म्हणा."

मी पिशवीतला टॉर्च चाचपला. आहे तिथेच होता.

चौकला उतरलो तेव्हा बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते आणि वाऱ्यावर त्यांचा वास होता. गाडीवाल्याचं घर शोधावं लागलं नाही. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती. पांढरी पिकअप, इतकी चकचकीत की शेडमध्ये दिवा लावल्यासारखी वाटत होती. काचेच्या आत छोटा क्रूस आणि प्लॅस्टिकची गुलाबं. शेजारी हाफ पँट आणि बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ बादली उपडी करून त्यावर बसले होते. त्यांनी इतकी वर्षं या गाडीतून बंदरावरची मासळी बाजारात नेली होती. आता गुडघे क्लच दाबू देत नव्हते, मुलगा जहाजावर होता, आणि दुसरं कोणी चालवणारं नव्हतं.

मी नमस्कार करायच्या आधीच बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. दवाने ओलसरसुद्धा.

म्हातारे हसले. "तापवून न्हाय ठेवली. माना म्हाईत हाय, लोक हात लावून बगतात. लावा. फुडून बगा, मागून बगा, काय लपवलेला न्हाय."

त्यांची बायको दारातून म्हणाली, "लपवेल कुठे? रोज आंघोळ घालतो तिला. माझ्याकडे एवढा बघितला असता तर मी पण अशीच पांढरी राह्यले असते."

भावजय हसली. मला वाटतं, वर्षभरात मोठ्याने हसताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. मला ते आवडलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. कारण ही माणसं खरी वाटत होती, आणि खऱ्या माणसांची गाडी चांगली निघण्याचा धोका होता.

गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. सायलेन्सरमागे मी पांढरा रुमाल धरला. थोडी काजळी आली, निळा धूर नाही, तेलाचा वास नाही. तेलाचं झाकण उघडून बघितलं, आतून वाफ उसळली नाही. टायर सारखे झिजलेले. स्टेअरिंग हलवलं की चाक लगेच हलत होतं. मागच्या हौद्याच्या तळाला जागोजाग भोकं पाडली होती.

"ही कसली?" भावजयीने विचारलं.

"बरफाचा पानी जायला," म्हातारे म्हणाले. "मासली बरफात असते, बाय. पानी साठला तर मासली नासते. ह्या भोकांशी खाली जाते पानी."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुस्तकात मासळीच्या गाडीविषयी काही नव्हतं.

मग मी चादर अंथरली आणि गाडीखाली सरकलो. हे मी घरी ठरवलं होतं, पण प्रत्यक्ष आत गेल्यावर काय होईल हे ठरवलं नव्हतं. डोक्यावर सगळं लोखंड आलं. उजेड फक्त कडेने येत होता. भावजयीची चप्पल आणि म्हाताऱ्यांचे सुजलेले पाय एवढंच जग बाहेर उरलं. शेवटी माझ्या भावाला जे वर दिसलं असेल ते असंच काहीतरी असेल, असा विचार आला आणि मला श्वास घेता येईना. मी टॉर्चचा उजेड एका बोल्टवर धरून ठेवला आणि त्या बोल्टकडे बघत राहिलो. हळूहळू श्वास परत आला.

वर सगळं काळं होतं. गुळगुळीत, अलीकडेच रंग मारलेलं. चेसिसच्या दोन लांब पट्ट्या, स्प्रिंगचे पाटे, त्यांच्या कडेने जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, सगळ्यावर एकच काळा लेप. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. आवाज ठीक वाटला. कुठे ओल नाही, कुठे तेलाचा थेंब नाही. मी बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"काळा रंग मारलाय खाली," मी म्हणालो. माझ्या आवाजात आशा होती, असं मला आज वाटतं.

"आरटीओ पासिंगला नेतानी मारतात सगलेच," म्हातारे म्हणाले. ते खरंच होतं. तसे सगळेच मारतात.

मग चालवून बघायचं ठरलं. भावजय स्टेअरिंगवर, मी शेजारी. म्हातारे केबिनमध्ये बसायला तयार होईनात. गुडघा दुमडत नाही म्हणून ते मागे हौद्यात दांड्याला धरून उभे राहिले आणि टपावर थाप मारून रस्ता सांगू लागले. एक थाप म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. तारोडीच्या बाजूने वर चढणारा रस्ता आला. गाडी दुसऱ्या गियरवर न कुरकुरता चढली. वर पोहोचून आम्ही वळलो, आणि तोच रस्ता आता उतार झाला.

तो उतार काही मोठा नाही. रिक्षा बोलता बोलता उतरतात. पण मला त्या जागी वरसाव्याचा घाट दिसत होता. मी डावा हात डॅशबोर्डवर टेकवला होता आणि उजवा पाय समोरच्या पत्र्यावर सगळ्या ताकदीने दाबत होतो. खाली दोन बकऱ्या आडव्या गेल्या. भावजयीने हलकेच ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, बकऱ्या गेल्या.

"दादा," ती समोर बघतच म्हणाली, "तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

मी पाय मागे घेतला. मागून टपावर एक थाप पडली. ती डावीकडे वळली. तेव्हा मी तिच्या पायाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. ती ताठ बसली होती. भाऊ गेल्यापासून ती कुठेही बसली की कडेला बसायची, सोफ्याच्या, पलंगाच्या, खुर्चीच्या, जणू लगेच उठायचंय. इथे ती पूर्ण टेकून बसली होती आणि दोन्ही हात चाकावर होते. मला कळलं की ही गाडी घेतली नाही तरी ती दुसरी घेईल. आणि मला हेही कळलं की मी आता खोटं बोलू शकणार नाही. गाडी चांगली होती. मला ती चांगली आहे असं सांगावं लागणार होतं, आणि मग रोज सकाळी, ती वरसावेला निघाली की फोन येईपर्यंत, मला घरात बसून राहावं लागणार होतं.

शेडमध्ये परत आलो. म्हाताऱ्यांच्या बायकोने, मावशींनी, ओट्यावर बसवलं. "च्या घ्या आता. वहिनी चालवते तरी झ्याक. आमचा पोरगा न्हाय चालवत अशी."

चहा आला. भावजयीने माझ्याकडे बघितलं. विचारत काही नव्हती, फक्त थांबली होती. मी कप तोंडाला लावला. बोलायच्या आधी थोडा वेळ मिळावा म्हणून म्हणालो, "चहा छान झालाय."

"टँकरचा पानी हाय," मावशी म्हणाल्या. "च्याला टँकरचाच लागते. हिरीचा पानी दुधात टाकला की दूध फाटते. खारा. पहिला गोडा होता, आता समिंदर आत आला."

"मग विहिरीचं पाणी कशाला वापरता?"

"भांड्याला, जाल्यांला. आन् ह्याच्या राणीला," त्यांनी नवऱ्याकडे मान उडवली. "रोज दोन बालद्या. खालूनबी मारतो पाइप लावून. पानी न्हाय आला तर समिंदरावर घेऊन जातो तिला, बोल."

म्हातारे अभिमानाने हसले. "मासलीची गाडी हाय. एक दिवस न्हाय धुतली तर वास मारते. म्हनून तर अशी दिसते ती."

मी कप खाली ठेवला. पुस्तकातलं एक साधं वाक्य मला आठवत होतं, की मीठ आणि ओल एकत्र आली की गंज लोखंडाला बाहेरून नव्हे, रंगाच्या पापुद्र्याखालून खातो. वरून बर्फाचं पाणी, मासळीचं मीठ घेऊन, भोकांतून थेट चेसिसवर. खालून रोज दोन बादल्या खारं पाणी, प्रेमाने, पाइप लावून. आणि त्यावर दरवर्षी काळा रंग.

"मी परत एकदा खाली बघतो," मी म्हणालो.

"दादा?" भावजय म्हणाली.

"एकदाच."

या वेळी मी मुठीने ठोकलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या पाट्याजवळ, चेसिसच्या पट्टीवर ठेवलं आणि जोर दिला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि तपकिरी खपल्या माझ्या तोंडावर पडल्या. डोळे पुसून परत जोर दिला. टोक आत गेलं. अडलं नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं गेलं. मी ते तसंच सोडलं आणि टॉर्च ब्रेकच्या नळीवर आणला. नखाने रंग खरवडला. खाली नळी गुळगुळीत नव्हती, झाडाच्या सालीसारखी होती.

पुस्तकात एक चाचणी दिली होती. गाडी उभी, इंजिन चालू, आणि पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरायचं. आपण रस्त्यावर ब्रेक हलकेच लावतो. पूर्ण ताकदीने फक्त तेव्हा दाबतो जेव्हा समोर काहीतरी आलेलं असतं.

मी गाडीखालूनच ओरडलो, "गाडी चालू कर. गियर काढ, हँडब्रेक ओढ, आणि ब्रेक जोरात दाब. जेवढा जोर आहे तेवढा. सोडू नकोस."

आधी मी बाहेर यायला हवं होतं. म्हाताऱ्यांनी चाकांखाली दगड लावले, पण मला तेव्हा तेही सुचलं नव्हतं. इंजिन सुरू झालं आणि डोक्यावरचं लोखंड थरथरायला लागलं. मी टॉर्च नळीवर धरला होता. वर तिने पाय दाबला असावा. क्षणभर काही झालं नाही. मग ज्या जागी मी नखाने खरवडलं होतं त्याच्या वीतभर पुढे नळी ओली झाली, आणि पुढच्याच क्षणी तेलाची बारीक धार माझ्या खांद्यावर आली. गरम नव्हती. मला वाटलं होतं गरम असेल.

"दादा!" वरून तिचा आवाज आला. "पाय खाली गेला! पेडल खालीच गेलं!"

तिचा तो आवाज मी यापूर्वी एकदाच ऐकला होता, फोनवर, गेल्या वर्षी.

मी कसा बाहेर आलो आठवत नाही. शर्ट तेलाने भिजलेला, तोंडावर गंज. ती केबिनमध्येच बसली होती, दोन्ही हात चाकावर, आणि इंजिन चालूच होतं. मी हात घालून किल्ली फिरवली. एकदम सगळं शांत झालं. लांबून समुद्र ऐकू यायला लागला.

अर्ध्या तासापूर्वी आम्ही याच ब्रेकवर उतार उतरलो होतो. बकऱ्यांऐवजी एखादी रिक्षा आली असती तर तिने तोच पाय जोरात दाबला असता. आम्हा चौघांनाही ते एकाच वेळी कळलं असावं, कारण सगळ्यांचे डोळे जमिनीवरच्या तेलाकडे गेले.

म्हातारे गुडघे धरून खाली वाकले, जमिनीवर पसरलेलं तेल बोटाने चाचपून बघितलं, आणि मग स्क्रूड्रायव्हर घुसला होता तो चेसिसचा भाग बघितला. बराच वेळ बघितला. शेवटी म्हणाले, "मी धुतली न्हाय असती तर?"

मी खरं सांगितलं. "टिकली असती जास्त. खारं पाणी आहे ना."

मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्या नवऱ्यावर ओरडतील असं मला वाटलं, पण त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "परवा तू माना बाजारात घेऊन गेलास ह्यातून. आन् येतानी उतारावर गाना म्हनत होतास." म्हाताऱ्यांनी बादली उचलली, शेडमध्ये नेऊन ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळाने तसेच पाठमोरे म्हणाले, "न्हाय इकायची आता. कोनालाच न्हाय. तोडायला देतो."

मावशींनी मला तोंड धुवायला पाणी दिलं. टँकरचं दिलं.

परतीच्या बसमध्ये भावजयीने गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नळ्या बदलता येतील, पण चेसिस सडलं तर गाडीत काय उरलं, सोडून द्या. तिने फोन ठेवला. मी तिच्या शेजारी तेलकट शर्टात बसलो होतो आणि पुढच्या सीटवरची बाई वास आला म्हणून सारखी मागे वळून बघत होती. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. मला नाही म्हणायचं होतं आणि नाही म्हणायला खरंखुरं कारण मिळालं होतं. थोडंसं सुटल्यासारखं वाटतही होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

मिठागरं दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं ना, नाही घेतली म्हणून?"

"हो," मी म्हणालो.

"मला पण."

मी तिच्याकडे बघितलं.

"रोज रात्री स्वप्नात मी घाट उतरते," ती म्हणाली. "पाय दाबते आणि काही होत नाही. आज तसंच झालं, अगदी तसंच. मला वाटलं, झालं, आता संपलं. आणि गाडी जागची हललीसुद्धा नव्हती." ती खिडकीकडे वळली. काचेत तिचा चेहरा मला दिसत होता, पण ती रडत होती की नाही ते कळत नव्हतं. "मला एकटीला नाही जमणार बघायला. तुम्ही याल ना दुसरी बघायला? खाली झोपून?"

माझ्या भावाच्या गाडीचं काय झालं होतं, याचा मी त्या बसमध्ये पुन्हा विचार केला. त्याला खारं पाणी लागलं नसणार. रोपवाटिकेच्या बोअरचं पाणी गोडं आहे. झाडं त्याच्यावरच जगतात. म्हणजे कारण दुसरं काही असेल. ते मला कधी कळणार नाही. खांद्यावरचं तेल आता चिकट झालं होतं, आणि मी तिला हो म्हणालो.

त्यानंतर आम्ही बऱ्याच गाड्या बघितल्या. मी प्रत्येकीखाली झोपलो, आणि प्रत्येक वेळी आत सरकताना तसाच एखादा बोल्ट शोधून त्याच्याकडे बघत राहावं लागलं. धुता कशाने, हा प्रश्न आता मी आधी विचारतो. लोक चमकून बघतात. शेवटी भाईंदर पूर्वेच्या एका मंडप डेकोरेटरची गाडी मिळाली. दिसायला अगदीच वाईट. दरवाजे चेपलेले, रंग उडालेला, हौद्यात खिळ्यांचे ओरखडे, आणि धुतलेली जवळजवळ कधीच नाही. खालून मात्र लोखंड अजून लोखंडच होतं. गॅरेजवाला स्वतः आला, त्याचा रविवार घालवून, आणि आमच्या हट्टाखातर ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. "अंकल, जुनी चांगली होती," तो म्हणत राहिला. मी म्हणालो, असू दे.

गाडी पहिल्यांदा घाटातून आणायची होती त्या सकाळी पुतणी दप्तर घेऊन दारात उभी होती. तिने आईला काही विचारलं नाही. मला विचारलं, "काका, खालून बघितलंत?"

"बघितलं."

"जोरात दाबून?"

"जोरात दाबून. तीनदा."

ती कॉलेजला गेली, पण जिन्यात थांबून तिने एकदा वर बघितलं.

ठाण्याहून कुंड्या भरल्या. येताना घाट लागला. चढ संपला आणि पुढे रस्ता खाली जाताना दिसला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधे आम्ही. भावजयीने गियर खाली घेतला. ती ताठ बसली होती. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. भाऊ जिथे गेला त्या वळणाचं नाव आम्ही दोघं घरात कधी घेत नाही. ते वळण समोर आलं. माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि समोरच्या पत्र्यावर दाबला गेला. मी तो मागे घेतला नाही. तिने खाली माझ्या पायाकडे एक नजर टाकली.

या वेळी ती काही बोलली नाही. तिने तिचा पाय दाबला, आणि गाडी हळू झाली.